वेडेलिया ओळखायची कशी? कोकणातल्या अंगणात, लॉनवर आणि आगरात पसरणाऱ्या परदेशी वेलीची सविस्तर ओळख

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नव्या बंगल्यांच्या उतारावर, हॉटेलच्या पायऱ्यांलगत, रस्त्याच्या दुभाजकात नाहीतर घरामागच्या मोरीच्या पाण्याशी एक वेल हमखास भेटते. गुडघ्याच्या खाली राहणारी, तुकतुकीत हिरव्या पानांची, वर एकेकटी पिवळी फुलं. बारा महिने हिरवी आणि जवळजवळ बारा महिने फुललेली. ऊन असो, माडाखालची सावली असो, खारा वारा असो, पाणी तुंबलेलं असो, ती तगते. म्हणून लोक ती हौसेने लावतात, आणि म्हणूनच ती एकदा आली की निघता निघत नाही.

नर्सरीत तिला वेडेलिया म्हणतात, क्वचित सिंगापूर डेझी. शास्त्रीय नाव पूर्वी वेडेलिया ट्रायलोबाटा होतं, १९९६ पासून ते स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा झालं. सूर्यफुलाच्या कुळातली ही वेल मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. जमीन झाकणारी शोभेची वेल म्हणून ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत नेली गेली आणि बहुतेक ठिकाणी बागेचं कुंपण ओलांडून बाहेर पडली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या अतिउपद्रवी १०० परकीय प्रजातींची जी यादी केली, तीत हिचं नाव आहे. आपली घाणेरी आणि रानमोडी त्याच यादीत आहेत, म्हणजे संगत कोणाची आहे ते लक्षात येईल. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात तर ही वेल परवान्याशिवाय विकायला किंवा कुणाला द्यायलाही बंदी आहे.

या लेखाचा सगळा भर ओळखण्यावर आहे. एकतर ही वेल कापल्याने संपत नाही, उलट कापलेला तुकडा जिथे पडेल तिथे जीव धरतो. म्हणजे ओळख न पटवता कोयती किंवा ग्रास कटर चालवला तर आपणच तिची लागवड करतो. आणि दुसरं असं की, तिची एक सख्खी बहीण आपल्या मातीतली आहे: पिवळा माका. औषधी, निरुपद्रवी, व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) आणि शेताच्या बांधावर वाढणारी. घाईत लोक वेडेलिया समजून माका उपटतात, आणि माका समजून वेडेलिया घरी आणून लावतात. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

पायरी पहिली: वेळ निवडा

आषाढ-श्रावणात ओळखायला जाऊ नका. तेव्हा सगळंच हिरवं असतं, गवत मांडीपर्यंत आलेलं असतं आणि पावसात वाकून पाहायचा धीरही राहत नाही. सोयीचा काळ दिवाळीनंतरचा. कातळावरचं, गडग्यावरचं (दगडी कुंपणावरचं), बांधावरचं गवत पिवळं पडायला लागतं आणि जे हिरवं उरतं ते नजरेत भरतं. शिमग्याच्या सुमारास तर आणखी सोपं. आसपास सगळं वाळलेलं आणि मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, केळीच्या बुंध्यांशी, विहिरीच्या कट्ट्याखाली, पाटाच्या काठाला एक हिरवागार ओघळ उतरलेला दिसला, तर आधी तिथे जाऊन बसा.

दुसरी वेळ मृगाचा पाऊस पडल्यावरच्या दोन-तीन आठवड्यांची. तेव्हा नवे धुमारे निघतात, पानं कोवळी आणि मोठी असतात आणि जमीन मऊ असल्यामुळे सांध्याखालची, म्हणजे खोडाला पानं फुटतात त्या पेराखालची मुळं न तुटता उचलून पाहता येतात. ओळख पटली तर काढायलाही हीच वेळ चांगली.

पायरी दुसरी: आधी लांबून बघा

पाच-सहा पावलं मागे उभे राहा. एकेक झाड वेगळं दिसतंय की सगळं मिळून एकच थर दिसतोय? एकदांडी, ओसाडी, तेरडा ही झाडं मोजता येतात. वेडेलियाचा थर लागला की कुठलं टोक कुठल्या मुळाचं ते सांगता येत नाही. थराची उंची बहुधा वीतभर ते हातभर असते. आधाराला कुंपण किंवा झुडूप मिळालं तर ती त्यावर रेलून आणखी वर जाते, पण तिला ताणे नाहीत आणि ती पीळ घालून चढत नाही. गुंडाळत वर चढणारी वेल दिसली तर ती वेगळी समजा.

थराच्या आत डोकावून बघा. तिथे दुसरं काय वाढतंय? जुन्या, दाट थरात जवळजवळ काहीच सापडत नाही. हरळीसुद्धा मागे हटते. गणपतीच्या आधी ज्या बांधांवर तेरड्याचा गुलाबी पट्टा दिसायचा, तिथे ही वेल बसली की तेरड्याच्या बियांना रुजायला उघडी माती मिळत नाही. गणपतीवरच्या माटवीला बांधायला रानातलं काय-काय लागतं ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नुकसान वेगळं समजावून सांगायला नको.

पायरी तिसरी: फूल बघा, पण फुलावर विसंबू नका

फूल पिवळं असतं हे सगळे सांगतात आणि तिथेच फसतात. कोकणात पिवळ्या फुलांना तोटा नाही. तरी फुलात पाहण्यासारख्या गोष्टी आहेत.

वेडेलियाचं फूल एकेकटं येतं, झुबक्याने नाही. पानाच्या बगलेतून तीन ते दहा सेंटिमीटरचा सरळ देठ वर येतो आणि त्याच्या टोकावर एकच फूल असतं. रुंदी साधारण दोन ते साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या आसपास किंवा थोडं मोठं. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेला आठ ते तेरा पाकळ्यांसारखी किरणफुलं, मध्ये नळीसारख्या फुलांची गच्च चकती. एक किरण नखाने धरून टोक बघा. ते गोल नसतं, त्याला दोन-तीन खाचा असतात. चकती किरणांपेक्षा किंचित गडद, नारिंगीकडे झुकणारी. फूल उलटं करून बघितलं तर खाली हिरवी, पानासारखी छदं दिसतात.

आता एक इशारा. यातलं बरंचसं वर्णन पिव‌ळ्या माक्याच्या फुलालाही लागू पडतं. म्हणून फूल बघून 'असेल' एवढंच म्हणा, निकाल देऊ नका.

पायरी चौथी: पान, इथेच निकाल लागतो

पान हातात घेऊन निवांत बघा. सावलीतलं एक, उन्हातलं एक, टोकाकडचं एक, खालच्या जुन्या भागातलं एक, अशी आठ-दहा पानं तोडून कागदावर ओळीने मांडा. एकाच पानावरून ठरवू नका, कारण या वेलीची सगळी पानं सारखी नसतात.

पहिली गोष्ट, पानं समोरासमोर जोडीने येतात. एका सांध्याला दोन पानं, एक डावीकडे, एक उजवीकडे. पावसाळ्यानंतर डोंगरउतारावर फुलणारी सोनकी पिवळीच असते, पण ती उभी वाढते आणि तिची पानं एकाआड एक असतात. एवढ्या एका खुणेवर बरीच झाडं यादीतून बाद होतात.

दुसरी गोष्ट, आकार. ट्रायलोबाटा या नावातच तीन खंड आहेत. पानाच्या मधल्या मोठ्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा खंड बाहेर आलेला असतो, जणू पानाला दोन खांदे फुटलेत. कडेला दाते असतात, कमीजास्त खोल. लांबी चार ते नऊ सेंटिमीटर, रुंदी दोन ते पाच. सगळ्याच पानांवर हे खांदे ठळक नसतात. कोवळ्या टोकाकडची आणि गर्द सावलीतली काही पानं साधी, नुसती दातेरी असतात. म्हणूनच आठ-दहा पानं मांडायला सांगितलं. त्यातल्या चार-पाच पानांवर खांदे स्पष्ट दिसले तर वेडेलिया समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, देठ. वेगळा, बारीक असा देठ जवळजवळ नसतो. पान खाली निमुळतं होत थेट खोडाला चिकटतं आणि समोरासमोरच्या दोन पानांचे तळ खोडाभोवती एकमेकांना भिडतात.

चौथी, पोत. वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची फिकी. पान जरा जाडसर, मांसल. अंगठा फिरवला तर विरळ राठ केस लागतात, पण एकदांडीच्या पानासारखं ते केसाळ आणि मळकट दिसत नाही. पान उलटं करून उजेडासमोर धरलं की तळाजवळून निघालेल्या तीन मुख्य शिरा दिसतात. मधली टोकापर्यंत जाते, बाजूच्या दोन खांद्यांकडे वळतात.

पायरी पाचवी: खोड आणि सांधा

थरात हात घालून एक लांब वेल शोधा आणि ती हळूहळू वर उचला. दोरा उसवावा तशी ती टक-टक करत जमिनीतून सुटत येते. प्रत्येक 'टक' म्हणजे एक सांधा, आणि प्रत्येक सांध्याखाली पांढरट मुळांचा झुबका. एका वेलीची लांबी दोन मीटर किंवा त्याहूनही जास्त भरते. खोड गोलसर, रसरशीत, उन्हात तांबूस आणि सावलीत हिरवं.

आता एक सांधा नखाजवळ धरून बघा. दोन पानं, पानांच्या बगलेत एकेक बारीक कोंब आणि खाली मुळांची टोकं. म्हणजे या एका बोटभर तुकड्यात नवी वेल व्हायला लागणारं सगळं हजर आहे. अनेक ठिकाणी ही वेल बियांतून फारशी वाढत नाही, तिचा मुख्य पसारा या तुकड्यांमधूनच होतो. घरी खात्री करायची असेल तर एक सांधा असलेली काडी पाण्याच्या पेल्यात ठेवा. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत मुळं फुटलेली दिसतील. कुंडीत किंवा मातीत हा प्रयोग करू नका, आणि झाल्यावर ती काडी उन्हात करपवून टाका.

खोड तोडल्यावर पांढरा चीक येतो का तेही बघा. वेडेलियाला येत नाही. किनाऱ्याच्या वाळूत पाथरीच्या जातीची एक पिवळ्या फुलांची सरपटणारी वनस्पती असते, तिला दुधाळ चीक असतो आणि पानं जमिनीलगत झुबक्याने येतात. ती आपली किनाऱ्यावरचीच आहे, तिला हात लावू नका.

पायरी सहावी: जिच्याशी गल्लत होते ती

सगळ्यांत महत्त्वाचा पिवळा माका, म्हणजे पिवळा भृंगराज. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेशिया, जुन्या पुस्तकांत वेडेलिया कॅलेंड्युलेशिया किंवा वेडेलिया चायनेन्सिस. तोही सरपटतो, त्याच्याही सांध्यांना मुळं फुटतात, त्याचंही फूल एकेकटं आणि पिवळं. त्यामुळे 'सांध्याला मुळं आहेत, म्हणजे वेडेलिया' हा तर्क इथे चालत नाही. फरक पानात. माक्याचं पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, अरुंद. कड जवळजवळ सरळ किंवा एखाददुसरा उथळ दाता. बाजूचे खांदे नाहीत, एकाही पानावर नाहीत. स्पर्शाला खरखरीत, चमक कमी. एकूण झाड लहानखुरं, आणि ते ओलाव्याच्या जागी, भाताच्या बांधावर, व्हाळाकाठी गवतात मिसळून वाढतं, गवताला गिळून नव्हे.

दक्षिण चीनमध्ये या दोघींचा संकर झालेला सापडला आहे आणि त्याला स्वतंत्र नावही मिळालं आहे. दोघी शेजारी वाढल्या की असं होऊ शकतं. आपल्याकडे जिथे पिवळा माका शाबूत आहे, तिथे शेजारी वेडेलिया येऊ न देणं म्हणूनच फार मोलाचं. केसांच्या तेलासाठी किंवा काढ्यासाठी माका गोळा करणाऱ्यांनी तर दहा पानं मांडायची पायरी कधीच गाळू नये. खांदे असलेलं एकही पान दिसलं तर ते तेलात घालू नका. आणि नुसता माका, पांढऱ्या बारीक फुलांचा, तो वेगळाच. त्याच्याशी गल्लत व्हायचं कारण नाही.

एकदांडी, म्हणजे दगडीपाला, लॉनमध्ये सर्वत्र असते. तीही मूळची अमेरिकेतलीच. पानं खोल दातेरी, राठ केसांची. फुलाचा देठ लांबलचक, वीतभराचा, कडेची किरणं फिकट पांढरट आणि मध्य पिवळा. फूल वाळलं की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. वेडेलियाच्या बियांना उडायला असे केस नसतात.

समुद्रकिनाऱ्याच्या मागे, केवड्याच्या बनाजवळ एक झुडपासारखी रेलणारी पिवळ्या फुलांची देशी वनस्पती सापडते, वोलॅस्टोनिया बायफ्लोरा. तिच्या पानाला स्पष्ट देठ असतो, पान अंडाकृती आणि दातेरी, पण खंडांचं नाही. टोकाला बऱ्याचदा दोन-तीन फुलं जवळजवळ येतात. किनारा धरून ठेवणाऱ्या वनस्पतींपैकी ती आहे, ती राहू द्या. मर्यादवेल तर कोणीही ओळखेल: जांभळी फुलं आणि गुरांच्या खुरासारखं दुभंगलेलं पान.

हॉटेलांच्या बागांत भुईमुगाच्या कुळातली एक शोभेची जात जमीन झाकायला लावतात, तिचीही फुलं पिवळी. पण तिचं पान चार गोलसर पर्णिकांचं आणि फूल वाटाण्याच्या फुलासारखं. लाजाळूला हात लावला की तीच ओळख देते.

पायरी सातवी: कापलेल्या लॉनमध्ये शोधताना

इथे जरा कस लागतो. दर पंधरवड्याला मशीन फिरत असलेल्या लॉनमध्ये वेडेलिया फुलत नाही, उंच होत नाही, पानं लहान राहतात आणि खांदेही नीट दिसत नाहीत. ती गवताच्या पातळीला दबून, आडवी आडवी सरकते. वरून दिसतो तो फक्त एक वेगळा हिरवा डाग, गवतापेक्षा गडद आणि जास्त चमकणारा. सकाळी आठच्या आत, दव असताना, उन्हाकडे तोंड करून लॉनवर तिरकी नजर टाका. चकचकीत पानं वेगळी उठून दिसतात.

डाग सापडला की गुडघ्यावर बसा. गवत बोटांनी बाजूला करा आणि एखादं पान दिसलं की ते ओढू नका, त्याच्या खोडाचा माग काढत डागाच्या कडेकडे जा. लॉनच्या कडेला, पायवाटेच्या लाद्यांच्या फटीत, झाडाच्या आळ्यात, जिथे मशीन पोचत नाही तिथे एखादं पूर्ण वाढलेलं पान किंवा फूल बहुधा मिळतंच. ओळख तिथे पटवा. काहीच मिळालं नाही तर डागाभोवती चार काठ्या रोवून दोर बांधा आणि तेवढा चौकोन महिनाभर कापू नका. पानं मोठी झाली की उत्तर समोर येतं.

तोवर त्या डागावरून मशीन फिरवायचं नाही, हे माळ्याला आवर्जून सांगा. पाती तुकडे करतात आणि ते लॉनभर फेकतात. गवताच्या कापणीची पाटी कुठे ओतली जाते तेही विचारा.

पायरी आठवी: ती आली कुठून, हे शोधा

ओळख पटली की लगेच उपटायला धावू नका. तिचा उगम सापडला नाही तर पुढच्या पावसात ती परत त्याच वाटेने येईल.

वरच्या अंगाला बघा. शेजारच्या बंगल्याचा उतार, रस्त्याचा कठडा, शाळेचं किंवा हॉटेलचं आवार. कोकणातला उतार आणि पाऊस बघता तुकडे खाली वाहत येणं सगळ्यांत सोपं. आगरात पाटाने पाणी फिरवत असाल तर पाट जिथून सुरू होतो तिथपर्यंत चालत जा. माड-पोफळीच्या बुंध्यापाशी वेडेलिया दिसली आणि तिथे कुणी लावली नसेल, तर ती बहुतेक पाटानेच आलेली असते. व्हाळ जवळ असेल तर पुराच्या पाण्याच्या खुणेच्या उंचीवर, गाळ साचतो त्या वळणावर शोधा. बांधकामासाठी आणलेली भरावाची माती, नर्सरीच्या पिशवीतली माती, ग्रास कटर घेऊन घरोघरी फिरणाऱ्यांची यंत्रं, ही आणखी तीन कारणं.

आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे आपलं प्रेम. "अगो, दोन काड्या घेऊन जा की, लावायलासुद्धा लागत नाहीत, टाकल्या की जीव धरतात!" हे वाक्य कोकणात प्रत्येक वाडीत ऐकू येतं. जास्वंदीसाठी, अबोलीसाठी ते योग्यच आहे. वेडेलियाच्या बाबतीत मात्र काकींना नम्रपणे नाही म्हणा, आणि का ते त्यांना सांगा. तोडून बाहेर टाकलेला कचराही याच वाटेने पसरतो. पाणंदीच्या वळणावर ओतलेलं एक घमेलं दोन पावसाळ्यांत सगळी कड व्यापू शकतं.

पायरी नववी: खात्री करून घ्या

मोबाईलवर पाच फोटो काढा. पूर्ण थर, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, मुळांसकट एक सांधा, आणि फूल बाजूने असं की देठ व खालची छदं दिसतील. प्रत्येक फोटोत एक नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. नुसता फुलाचा जवळून घेतलेला फोटो सुंदर येतो आणि ओळखायला कुचकामी ठरतो. हे फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकले तर जाणकार मत देतात आणि नोंदही राहते. फोन आपोआप जे नाव सुचवतो ते कच्चं समजा, पानाशी ताडून मगच घ्या. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथे नमुना दाखवता येतो. न्यायचा तो वर्तमानपत्रात दाबून वाळवलेला न्या, ओला नको.

ओळख पटल्यावर काढायची कशी

हातभर ते खोलीभर जागा असेल तर हातानेच काढा. जमीन ओली पण चिखल नसलेली हवी. थराच्या कडेपासून आत या, मधून सुरुवात करू नका. खुरप्याने सांध्याखालची माती सैल करा, वेल उचला, मुळांसकट ताडपत्रीवर टाका. घमेल्यात नको, तुकडे काठावरून सांडतात. जांभ्याच्या गडग्यात शिरलेली वेल ओढली की तुटते आणि आतला सांधा परत फुटतो. तिथे फटीतली माती लोखंडी सळीने उकरावी लागते, आणि प्रसंगी वरचे दोन दगड उतरवून परत रचावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण गडग्यातलीच वेल मागे राहते आणि पुन्हा खाली उतरते.

मोठी जागा असेल तर आधी तिचा उजेड तोडा. थर पायाने दाबून त्यावर जाड पुठ्ठे एकावर एक सरकवून पसरा, वर नारळाच्या झावळ्या आणि पालापाचोळा हातभर रचा, किंवा जाड काळी ताडपत्री दगड ठेवून घट्ट बसवा. कडेने वेल बाहेर डोकावेल, ती दर आठवड्याला खुडा. एक अख्खा उन्हाळा असा गेला की उरलेलं हाताने काढता येतं.

तीव्र उतारावर सगळी वेल एकदम काढू नका, विशेषतः मे महिन्यात. उघडी लाल माती पहिल्या मोठ्या सरीत खाली येते. आडव्या पट्ट्यांत काढा, एका पट्टीत दुसरं काही रुजलं की पुढची पट्टी घ्या.

तणनाशकाबद्दल विचारणा हमखास होते. घराजवळ विहीर, पाट, व्हाळ, गुरं, मुलं असताना माझा सल्ला नको असाच आहे. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घालून ते परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरण्याचं बंधन आणलं. शिवाय एका फवारणीने ही वेल जात नाही, दबलेले सांधे पुन्हा फुटतात आणि हाताने काढणं काही टळत नाही.

काढलेलं रान कुठे टाकायचं हे काढण्याइतकंच महत्त्वाचं. व्हाळात नाही, पाणंदीत नाही, समुद्रावर तर नाहीच, खारं तिला सोसतं. शेणकईत (शेणखताच्या खड्ड्यात) ओलं टाकू नका. उन्हाळ्यात सिमेंटच्या खळ्यावर किंवा उघड्या कातळावर पातळ पसरून कडकडीत वाळवा, खोड मोडल्यावर काटकीसारखं तुटलं पाहिजे. पावसाळ्यात वाळणं शक्य नसतं. तेव्हा झाकणाच्या पिंपात पाण्याखाली दगडाने दाबून ठेवा आणि लगदा होईपर्यंत कुजू द्या. नंतर तो लगदा माडाच्या आळ्यात घालता येतो.

रिकामी जागा रिकामी ठेवू नका, नाहीतर राहिलेला एखादा सांधा ती परत घेईल. उन्हाच्या सपाट जागी हरळी लावा. ओल्या सावलीत कारिवणा (मंडूकपर्णी) छान पसरतो आणि भाजीलाही येतो. उतारावर वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती वेडेलियापेक्षा कितीतरी घट्ट धरतात. वाळूच्या जागेत मर्यादवेल.

पुढचा पूर्ण पावसाळा दर पंधरा दिवसांनी त्या जागेवर फेरी मारा. शोधायचं ते फूल नव्हे, समोरासमोरच्या दोन चकचकीत पानांची जोडी. बोटभर उंचीची असतानाच मुळासकट उचला आणि खिशातल्या पिशवीत घाला, तिथेच बाजूला टाकू नका. पाटाच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली असेल तर तीही त्याच फेरीत साफ करा आणि जाळीतलं रान घरी आणून वाळवा.